एका आड एक रविवार

माझ्या हातून आयुष्यात जे सगळ्यात वाईट काम झालं, ते मी चांगुलपणाच्या नावाखाली केलं. चोरी केली असती तर निदान लाज वाटली असती. इथं उलट, मला माझंच कौतुक वाटत होतं. म्हणून आधीच सांगून ठेवते, हे वाचून कुणी माझी कीव करू नये. मला ती सोसत नाही.

त्या वेळी आम्ही नागभीडपासून दोन कोसांवर, जंगलखात्याच्या लाकडांच्या डेपोला लागून असलेल्या गावात राहत होतो. चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि चंद्रपूर हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. बाबा डेपोत मुन्शी होते. घरामागे धानाच्या बांध्या, बांध्यांच्या वरच्या अंगाला पाण्याची बोडी, म्हणजे छोटं तळंच, आणि बोडीच्या पलीकडून जंगल सुरू. घरात आम्ही चौघं होतो: बाबा, माय, मी आणि आत्या.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय चोवीस. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला आणि बाबा तिला घरी घेऊन आले. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण अभ्यासाला आम्ही एका चटईवर बसायचो, कारण दोघींनाही घरून मॅट्रिकला बसायचं होतं. गावात मुलींसाठी तेवढी मोठी शाळा नव्हती. आत्या मराठी असं लिहायची की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. गणितात मात्र तिचं आणि माझं दोघींचं दुखणं एकच होतं, ते म्हणजे धास्ती.

दिवाळी झाल्यावर आत्याचा दीर आला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. घरात चार लेकरं, गोठ्यात गुरं, बांध्यांत काम, आणि करणारं बाईमाणूस नाही. तो ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊ, आमची बाई आमाले परत द्या. होळी झाली का घ्याले येतो."

बाबांनी मान खाली घातली. नाही म्हणायची सोय नव्हती, रीतीनं ती त्या घरची होती. मग बाबा म्हणाले, "मॅट्रिकची परीक्षा होऊ द्या भाऊ. पास झाली तं तिले गडचिरोलीच्या शाळेत मास्तरीण करतो, मंग ती तिच्या पायावर. नाई झाली तं तुमच्या घरी पाठवीन. माहा शब्द आहे."

दीर काही वाईट माणूस नव्हता. त्यानं हे ऐकून घेतलं आणि ठीक म्हणाला. पण जाताना त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. बैल विकत घेणारा माणूस पाहतो तसं ते पाहणं होतं. आत्या दाराआड उभी होती. त्या दिवसापासून तिनं पुस्तक सोडलं नाही.

आमचे गुरुजी नाल्यापलीकडच्या गावात राहायचे. नोकरीतून मोकळे झालेले, बायको वारलेली, सोबतीला जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. त्यांनी बाबांना पद्धत घालून दिली. दर रविवारी अकरा ते दोन गणिताचा एक जुना पेपर, घड्याळ लावून. सोमवारी मी डेपोतल्या म्हाताऱ्या गाडीवानाच्या गाडीतून उत्तरं नेऊन द्यायची आणि बुधवारी जाऊन मार्कांची चिठ्ठी आणायची. आत्या बाहेर पडत नसे, विधवा बाईनं गावोगाव फिरणं तेव्हा चालत नव्हतं. उत्तरांचे कागद गुरुजी ठेवून घ्यायचे, कारण कागद महाग आणि मागची बाजू कोरी. चुका मला तोंडी सांगायचे आणि मी त्या घरी येऊन आत्याला सांगायची. चिठ्ठी माझ्याच पुस्तकात राहायची, आत्या फक्त आकडा विचारायची. म्हणजे आत्याचे मार्क तिच्यापर्यंत यायला जगात एकच वाट होती आणि ती वाट मी होते.

मार्क मांडून ठेवायची कल्पना मायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण घरात काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे असा तिचा हट्ट होता. डेपोत गाडीवान लाकडाच्या खेपा मोजायला बांबूच्या कामटीवर खाचा पाडायचे. माय म्हणाली, "तसंच करा. पाच मार्काची एक खाच. मी हातानं पाहीन." मग दर बुधवारी मी दोन कामट्या सोलायची, एक माझी, एक आत्याची, चाकूनं खाचा पाडायची आणि चुलीच्या वरच्या खुंटीला सुतळीत ओवून टांगायची. माय भाकरी थापून झाली की पिठाच्या हातानं त्या चाचपायची. बाबा चिठ्ठ्या वगैरे पाहत नसत. दिवसभर आकडे लिहून कंटाळलेले असायचे. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "संक्रांतीले कामट्या पाह्यतो. दोघी निभून राह्यल्या असन तं दोघीचे फॉर्म भरतो. एकीचाच भरायचा असन तं कोणाचाच नाई. बाईमाणसाच्या सोबतीबिना जवान पोरीले परीक्षेले चांद्याले कोण पाठवते?"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी माझ्या चांगुलपणाची ऐट मिरवत होते, त्याच्या बुडाशी हे वाक्य होतं.

पहिल्या रविवारी मला बावन्न आले, आत्याला त्रेसष्ट. आत्याच्या कामटीला बारा खाचा पाडताना मला जरा असूया वाटली, ती मी चाकूवर काढली. दुसऱ्या रविवारी मला पन्नास आणि आत्याला एकोणतीस.

गुरुजींच्या ओसरीवर ती चिठ्ठी हातात घेतली आणि मी आकडा दोनदा वाचला. वाटेत गाडीवान काहीबाही बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं. एकोणतीस म्हणजे पाच खाचा. माय बोटांनी चाचपणार, बाबांना सांगणार, बाबा गप्प बसणार आणि होळीनंतर गाडी येणार. शिवाय माझंही चांदा हुकणार. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. आत्या दारातच उभी होती.

"किती?"

"एकोणसाठ," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं केलं. कामटीला मी अकरा खाचा पाडल्या. चुका निम्म्याच सांगितल्या आणि अर्ध्यात सोडलेल्या गणितांनाही गुरुजी रीतीचे मार्क देतात, असं ठोकून दिलं. पुढच्या रविवारी खरोखरच एकसष्ट आले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली, की एखादा दिवस वाईट जातो माणसाचा, उगाच कशाला भीती घालायची? त्याच्या पुढच्या रविवारी एकतीस आले. मी अठ्ठावन्न सांगितले.

एकदा खोटं सांगितलं की पुढचं खोटं सोपं जातं असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. मला दर बुधवारी ते पहिल्याइतकंच जड जायचं. पण खाच पाडली की पाडली, ती बुजवता येत नाही. मागच्या अकरा खाचांना शोभतील अशाच पुढच्या खाचा पाडाव्या लागायच्या. खुंटीवर आत्याच्या कामट्या ओळीनं सारख्या दिसायच्या. माझ्या मात्र वरखाली, कारण त्या खऱ्या होत्या. माय मला टोमणे मारायची, "आत्याचं पाह्य. कशी एका चालीनं चालली आहे."

गुरुजींना मात्र आकडे खरे दिसत होते. चौथा रविवार झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "तुमच्या घरी एका आड एक रविवार काय असते?"

"काही नाही गुरुजी. काऊन?"

"तुही आत्या एका रविवारी हुशार राहते आणि दुसऱ्या रविवारी बुद्दू होते. पेपरही कठीण नसते. पहिल्या तासाची गणितं बरोबर, मंग अक्षर वाकडं होते, मंग गणित अर्ध्यात सोडून देते. असं माणूस उगाच नाई करत."

मी क्षणभर विचार केला आणि मला जे उत्तर सुचलं त्याचा आजही संताप येतो. मी म्हटलं, "एकादशी गुरुजी. आत्या कडक उपास करते. निर्जळी."

आत्या एकादशी करायची हे खरं. एकादशी पंधरा दिवसांनी येते हेही खरं. ती रविवारीच येत नाही, हे मला कळत होतं, पण त्याच्या आगेमागे अशक्तपणा असणार, असं मी स्वतःला पटवलं. गुरुजींनाही पटलं. आमच्या भागात विधवा बाईच्या कुठल्याही दुखण्याला उपासाचं कारण पुरत असे, कुणी पुढं विचारत नसे. "ठीक आहे," गुरुजी म्हणाले, "सरासरी पासाची पडते. फॉर्मवर सही करतो. पण तिले सांग, देव काही गणिताच्या पेपरात येत नाई. उपास कमी कर म्हणा." हा निरोप मी आत्याला दिला नाही. दिला असता तर तिनं विचारलं असतं, गुरुजी असं काऊन म्हणाले?

संक्रांतीला बाबांनी खुंटीवरच्या कामट्या काढून मांडीवर घेतल्या, एकेक पाहिली आणि दोघींचे फॉर्म भरले. मायनं तिळगूळ वाटला. आत्यानं मला मिठी मारली. तिचं अंग गरम लागलं, पण चुलीपाशी होती, म्हणून लागलं असेल असं मला वाटलं.

थंडीच्या दिवसांत आत्या पेपर लिहायला बसताना घोंगडी घ्यायची. सगळेच काहीतरी पांघरायचे. तिचा हात थरथरायचा आणि टाकाची शाई सांडायची. अभ्यासाला तिनं बोडीच्या पाळीवरची जागा धरली होती, घरात मायच्या भांड्यांचा आवाज येतो म्हणून. संध्याकाळी ती तिथून यायची तेव्हा हातापायांवर डासांचे फोड असायचे. कुणाला त्यात काही नवल वाटलं नाही. डास सगळ्यांनाच चावतात.

फेब्रुवारी सरत आला. ऊन तापलं, बोडीचं पाणी खाली गेलं, पळस फुलले. मोह वेचायला झाडांखालची जागा साफ हवी म्हणून लोक सुकलेला पाचोळा जाळायला लागले आणि तिन्हीसांजेला डोंगरावर जाळाच्या वाकड्यातिकड्या रेषा दिसू लागल्या. घरात सगळीकडं धुराचा वास. अशा उकाड्यातही आत्या रविवारी घोंगडी घेऊन बसली. घड्याळात एक वाजला होता. मी शाईची दौत तिच्याकडं सरकवली आणि माझा हात तिच्या हाताला लागला. चुलीवरून आत्ताच काढलेल्या तव्याला लागावा तसा चटका बसला.

"आत्या, तुले ताप आहे."

"हळू बोल," ती म्हणाली. दात वाजत होते. "हिवताप कोणाले नाई इथी? येते आणि जाते. एक दिवस येते, एक दिवस नाई येत."

"मग कोयनेलचं औषध घे ना. मायच्या डब्यात आहे."

"कोयनेलनं कानात भणभण होते. डोकं जड होते, पाठ केलेलं ध्यानात राहत नाई. परीक्षा झाली का घेईन." मग ती हसली, आणि ते हसणं मला अजून दिसतं. "आणि नुकसान काय होऊन राह्यलं? तापातही साठ पडून राह्यले ना मले?"



त्या क्षणी सांगायला हवं होतं. सगळं सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती. पण त्या दोन वाक्यांनी माय उठून खुंटीपाशी गेली असती, बाबांना कळलं असतं, फॉर्म परत घेता आले असते आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. हे सगळं मी एका श्वासात मोजलं. गणितात मी कच्ची होते, या बाबतीत नव्हते. मी मान खाली घालून माझा पेपर लिहायला लागले. त्या रविवारी आत्याला सत्तावीस आले आणि मी साठ सांगितले, कारण तिनं साठ हा आकडा स्वतःच्या तोंडानं काढला होता.

त्यानंतर मी तिच्याकडं लक्ष ठेवायला लागले. ताप आला की ती कोठीच्या खोलीत जाऊन धानाच्या पोत्यांना टेकून बसायची आणि घाम फुटून ताप उतरला की तोंड धुऊन बाहेर यायची. माय बांधीत, बाबा डेपोत. कुणाला दिसत नसे. मला दिसत होतं. मला रात्रंदिवस काहीतरी होणार असं वाटायचं, पण काय होणार ते मी स्वतःला विचारत नव्हते. शेवटचा बारावा पेपर झाला, शेवटची चिठ्ठी आली, शेवटची कामटी टांगली. एकोणतीसाच्या जागी एकसष्ट.

पुढच्या सोमवारी आम्ही चांद्याला निघालो. बाबा सोबत होते. नागभीडहून छोट्या रुळांची गाडी, तासन् तास जंगलातून जाणारी. दोन्ही बाजूंना जळलेल्या पाचोळ्याची काळी जमीन आणि मधूनच धूर. डब्यात माणसं उन्हानं हाशहुश करत होती आणि आत्या खिडकीशी घोंगडी लपेटून बसली होती. बाबांनी विचारलं, "काऊन बाई, थंडी वाजते?" ती म्हणाली, "वारा लागते भाऊ." बाबांनी उठून तिच्या बाजूची खिडकी लावून घेतली. त्यांना वाटलं, परीक्षेची भीती.

चांद्यात आम्ही बाबांच्या ओळखीच्या एका घरी उतरलो, किल्ल्याच्या आत. मंगळवारी मराठीचा पेपर झाला. आत्या बाहेर आली ती हसत. ताप नव्हता. तिनं निबंध इतका लिहिला होता की बोटाला शाईचा फोड आला होता. "आता उद्या गणित," ती म्हणाली, "ते झालं का मी सुटली."

संध्याकाळी ती अंगणात पाणी भरत होती. मी आत बीजगणिताचं पुस्तक उघडलं तर मधून गुरुजींच्या चिठ्ठ्या खाली पडल्या. बाराही. मी त्या तिथं लपवून ठेवल्या होत्या. उचलता उचलता मी त्या चटईवर ओळीनं लावल्या, पहिल्यापासून बारावीपर्यंत. आत्याचे आकडे: वर, खाली, वर, खाली. एकही चुकला नव्हता. एकादशी इतकी नेमानं रविवार धरत नाही.

ताप एक दिवस येतो, एक दिवस येत नाही, हे ती म्हणाली होती. आठवड्याला दिवस सात. या रविवारी आला तर पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येणार. शाळेत न गेलेल्या मायनंसुद्धा हे ओळखलं असतं. खुंटीवर एक कामटी बारा खाचांची आणि एक पाच खाचांची अशी रांग तिच्या हाताला लागली असती तर ती पिठाचे हात तसेच घेऊन उठली असती, "हा एकाआडचा ताप आहे" म्हणाली असती आणि नाक दाबून आत्याला कोयनेल पाजली असती. त्यासाठीच तर तिनं कामट्या मागितल्या होत्या. मी त्या सारख्या करून ठेवल्या.

मग मी बोटांवर मोजलं. शनिवारी होता. काल सोमवारी गाडीत होता. आज नाही. उद्या बुधवार.

मी अंगणात धावत गेले. "आत्या, आत्ताच्या आत्ता कोयनेल घे. बाबाले सांगते, बाजारातून आणतीन."

"येडी झाली का? उद्या गणित आहे."

"उद्या तुले ताप येणार आहे."

"येऊ दे. किती पेपर लिहिले मी तापात? कमी पडले का कधी?" तिनं बादली खाली ठेवली आणि माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. "काऊन? काय झालं?"

ती वाट पाहत होती. बाबा ओसरीवर पान लावत बसले होते, आठ हातांवर. मी विचार केला, आता सांगितलं तर रात्रभर झोपणार नाही ही. उमेद खचेल. तापातही मला जमतं या भरवशावर तरी उद्या कदाचित निभावेल. मी विचार केला असं म्हणते, पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते, बस.

"काही नाही," मी म्हटलं, "मलेच भीती वाटते."

तिनं ओला हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

बुधवारी परीक्षेच्या खोलीत आम्ही मुली फार तर दहा-बारा होतो. आत्या माझ्या पुढं दोन बाकं सोडून बसली होती. मला तिची पाठ दिसत होती. पहिला तास तिचा टाक भरभर चालला होता. घोंगडी तिनं मांडीवर घडी करून ठेवली होती. साधारण बाराच्या सुमाराला तिनं ती उघडली आणि खांद्यावर घेतली. मग डोक्यावरून घेतली. मी समोरचं गणित वाचत होते आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. घोंगडीखाली तिचे खांदे हलायला लागले. देखरेख करणाऱ्या बाईंनी वाकून काहीतरी विचारलं, आत्यानं मान हलवून नको म्हटलं. बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. आत्यानं तो उचलला आणि पाणी कागदावर सांडलं. ती पदरानं टिपत राहिली, कितीतरी वेळ टिपत राहिली. मग तिनं डोकं बाकावर टेकलं.

मी उठून ओरडायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. ओरडून तरी काय सांगणार होते? घंटा होईपर्यंत तिनं डोकं वर केलं नाही.

बाबांनी तिला हाताला धरून घरी आणलं. मग कोयनेल आली, डॉक्टर आले, बाकीचे पेपर तिनं दिले. ते सगळे बरे गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी डेपोत वर्तमानपत्र आलं, दोन दिवसांचं शिळं. बाबांनी आमचे नंबर दोनदा पाहिले, मग डेपोतल्या दुसऱ्या माणसाकडून पाहून घेतले. माझा नंबर होता. आत्याचा नव्हता. पुढं मार्कांचा कागद आला. मराठीत माझ्याहून कितीतरी जास्त, बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. तेव्हा एका विषयात गेलात की सगळ्यात गेलात.

बाबांनी दिराला निरोप पाठवला. शब्द दिला होता. माय दोन दिवस रडली, मग तिनं आत्याचं लुगडं धुऊन घडी घातलं. पुढं मी गडचिरोलीला मास्तरीण झाले, तिच्यासाठी बाबांनी ज्या शाळेचं मनात धरलं होतं त्याच शाळेत. आत्यानं दिराची चारी लेकरं वाढवली. ते लोक तिला मानायचे, जेवूखाऊ घालायचे, कुणी हात उगारला नाही. तिनं पुन्हा पुस्तक मात्र हातात घेतलं नाही. मी एकदा पेपरांचा गठ्ठा पाठवला होता, तो चुलीत गेला असं कळलं.

पण ते नंतरचं. ज्या दिवशी गाडी आली, त्या दिवशी ती कोठीत गाठोडं बांधत होती. बाहेर दीर बैलांना पाणी पाजत होता. मी दाराशी उभी राहिले आणि एकदाचं बोलून टाकलं. सगळं. एकोणतीसापासून.

मला वाटलं होतं ती मारेल. मला मार हवा होता. ती गाठ मारता मारता थांबली. मग म्हणाली, "तापाच्या रविवारी किती किती पडले, सांग."

"एकोणतीस. एकतीस. अठ्ठावीस. तीस. सत्तावीस. एकोणतीस."

"आणि बिनातापाच्या?"

"त्रेसष्ट. एकसष्ट. चौसष्ट. बासष्ट. सहासष्ट. पासष्ट."

ती ओठ हलवत ऐकत होती, गणित तोंडी सांगितलं की ऐकायची तसं. बाहेरून दिरानं हाक मारली, "चाला बाई, पानी येते वरून." तिनं गाठोडं काखेला मारलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रागावली नव्हती. तिला खरंच काहीतरी समजून घ्यायचं होतं.

"म्हंजे मले गणित येत होतं," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"मले वाटलं, नाई येत." ती उंबऱ्याच्या बाहेर पडली, दोन पावलं गेली आणि मागं न पाहता म्हणाली, "एक डाव सांगतलं असतं तं कोयनेल घेतली असती ना वं मी. डबा तं घरातच होता."